शहराचे हक्क रोखीने घेतले : मध्ययुगातल्या फ्लँडर्सच्या गोष्टी

नदीकाठ | शनिवार, रात्री १०:४०

मध्यंतरी इथेच एका धाग्यावर "व्यापार वाढला आणि युरोपात शहरं आली" असं एका ओळीत उरकलेलं वाचलं. त्यावर प्रतिसाद लिहायला बसलो तर तो मूळ लेखापेक्षा लांबला, म्हणून वेगळा धागा. नोकरीमुळे बेल्जियममधल्या गेंटला राहतो, त्यामुळे उदाहरणं याच मुलखातली, म्हणजे फ्लँडर्समधली. इटलीप्रेमींनी रागावू नये.

व्यापार वाढला हे खरंच. त्याआधी शेती वाढली. चाकं लावलेला जड नांगर, घोड्याच्या गळ्याऐवजी खांद्यावर ओढ घेणारा पट्टा, जमिनीचे तीन वाटे करून आळीपाळीने एक पड ठेवणं, जंगलं तोडून काढलेली नवी शेतं. या जोरावर इ.स. १००० ते १३०० या काळात युरोपची लोकसंख्या ढोबळमानाने दुप्पट झाली. पण शिल्लक धान्य सरदाराच्या कोठारातही जाऊन पडू शकतं. त्यातून शहर उभं राहायला आणखी काहीतरी लागतं. माझ्या मते ते म्हणजे शिक्का मारलेलं चर्मपत्र, म्हणजेच शहराला हक्क लिहून देणारी सनद.

जमीन कुणाची ना कुणाची असायचीच. काऊंटची (म्हणजे मुलखाच्या मोठ्या सरदाराची), बिशपची, मठाची. तिथलं कूळ धन्याला बांधलेलं. लेकीचं लग्न बाहेर करायचं तर धन्याला पैसे, बाप मेला तर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धन्याचं. अशा कायद्यात दुकान चालत नाही. व्यापाऱ्याला घर विकता आलं पाहिजे, गहाण टाकता आलं पाहिजे आणि मुख्य म्हणजे उधारी वसूल करता आली पाहिजे. आता दाव्याचा निकाल लावायची जुनी रीत काय, तर द्वंद्व किंवा दिव्य! तापलेलं लोखंड हातात धरा, नाहीतर पाण्यात उतरा. लोकर विकणाऱ्या माणसाने चार गाठींच्या पैशासाठी तलवार घेऊन मैदानात उतरायचं? १११६ मध्ये काऊंट सातवा बाल्डविन याने ईप्र शहराच्या रहिवाशांना द्वंद्व आणि दिव्यातून सूट दिली. पुस्तकांत याला फारशी जागा मिळत नाही, पण मला वाटतं शहरं वाढण्यात या एका सवलतीचा वाटा मोठमोठ्या व्यापारी जत्रांइतकाच असेल.

आता खरी गोष्ट. ब्रुजमध्ये काऊंटच्या दफ्तरात गाल्बेर नावाचा कारकून होता. २ मार्च ११२७ ला सकाळी काऊंट चार्ल्स सेंट डोनेशियनच्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत होता, शेजारी दानाची नाणी ठेवलेली. तिथेच त्याच्या मानेवर तलवारीचे वार झाले. मारणारे एका बड्या घराण्यातले होते, पण मुळात दासकुळातले, आणि काऊंट ते दास असल्याचं दरबारात सिद्ध करायला निघाला होता. पैसा, हुद्दा, सोयरिकी सगळं असून एका जुन्या कायद्याने पुन्हा गुलाम व्हायची पाळी. म्हणून खून. पुढे वेढा पडला, मारेकरी सापडले, कित्येकांना मनोऱ्यावरून खाली फेकलं. गाल्बेरने हे सगळं दिवसाच्या दिवशी मेणाच्या पाटीवर टिपून ठेवलं.

काऊंटला मूलबाळ नव्हतं. फ्रान्सच्या राजाने आपला माणूस पुढे केला, विल्यम क्लितो. शहरवाले म्हणाले, मान्य, पण आमचं काय? क्लितोने ब्रुजचा जकात आणि घरपट्टीचा बोजा माफ केला. सांतोमेर शहराला १४ एप्रिल ११२७ ला सनद दिली. सगळं शपथेवर. पण जकात ज्या सरदारांना इनाम होती त्यांनी ओरड केली आणि क्लितोने ब्रुजची जकात पुन्हा बसवली. तिथे तो घसरला.

फेब्रुवारी ११२८ मध्ये गेंटच्या लोकांच्या वतीने आल्स्टचा सरदार ईवान त्याच्यासमोर उभा राहिला. मागणी अशी की ईप्रला सभा बोलवा, सरदार, पाद्री आणि शहरांतले शहाणे लोक निवाडा करतील. तुम्ही शपथ मोडली असं ठरलं तर काऊंटपद सोडा. क्लितोने काय केलं असेल? ईवानला द्वंद्वाचं आव्हान दिलं! शहरांनी मग दुसरा काऊंट उभा केला, आल्सेसचा तिएरी. जुलैमध्ये क्लितो वेढ्यात जखमी होऊन मेला आणि तिएरीने शहरांचे हक्क कायम केले.

म्हणजे काऊंट हा करार पाळला तरच काऊंट, हे लोकर-कापडवाल्यांनी ११२८ मध्ये तोंडावर सांगितलं होतं. ते सांगता आलं कारण तिजोरीत पैसा त्यांचा होता. हक्क दयेने मिळाले नाहीत, विकत घेतले. तुम्हाला काय वाटतं?

---

पेठेतला_बाळ | शनिवार, रात्री ११:२५

वाचनखूण साठवली. गाल्बेर आवडला. आपल्याकडच्या पेठा, कौल, शेटे-महाजन यांच्याशी तुलना वाचायला आवडेल.

---

नदीकाठ | शनिवार, रात्री ११:३१

बाळ, तो वेगळा धागा आहे आणि तो तूच काढ. इथे सुरू केलं तर फ्लँडर्स राहील बाजूला.

---

भटकी_मैना | रविवार, सकाळी ८:०५

विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्याने परत घेतली तर काय होतं त्यासाठी लाँ बघा. पॅरिसच्या ईशान्येला टेकडीवरचं गाव आहे. आता तिथे गेलं की कॅथेड्रलच्या मनोऱ्यांतून डोकावणारे दगडी बैल बघून सगळे फोटो काढतात. पण त्याच जागी ११११-१२ मध्ये जे घडलं ते भयंकर आहे.

बिशप गोद्री इंग्लंडला गेलेला असताना त्याच्या माणसांनी गावकऱ्यांकडून पैसे घेऊन 'कम्यून' द्यायचं कबूल केलं. म्हणजे गावकऱ्यांनी एकमेकांना शपथेने बांधून घ्यायचं, वर्षाचा ठरलेला कर एकदाच भरायचा आणि बाकी मन मानेल तशी वसुली बंद. बिशप परत आला, त्यालाही पैसे मिळाले, त्यानेही शपथ घेतली. राजा सहाव्या लुईलाही पैसे पोचले. मग बिशपचे पैसे संपले! १११२ च्या ईस्टरला राजा गावात आला तेव्हा गावकऱ्यांनी कम्यून टिकवायला ४०० पौंड देऊ केले, बिशपच्या बाजूने ७०० पौंडांचा शब्द गेला. राजाने ७०० वाल्यांचं ऐकलं. वर कहर असा की ते ७०० पौंड बिशप गावकऱ्यांकडूनच उकळणार होता.

२५ एप्रिलला गाव पेटलं. "कम्यून, कम्यून" ओरडत लोक बिशपच्या वाड्यात घुसले. बिशप नोकराचे कपडे घालून तळघरात पिंपात लपला होता. त्याला शोधून काढणारा त्योदगो नावाचा माणूस. त्याला बिशप कायम 'लांडगा' म्हणून हिणवायचा. केस धरून बाहेर ओढला आणि कुऱ्हाडीने मारला. बोटातली अंगठी निघेना म्हणून बोटच तोडलं. हे सगळं लिहिणारा गिबेर हा मठाधिपती होता आणि त्याला कम्यून हा प्रकारच किळसवाणा वाटायचा, पण बिशपबद्दलही तो काही चांगलं लिहीत नाही. गावाला सनद मिळाली ती ११२८ मध्ये, आणि तिच्यात 'कम्यून' हा शब्द टाळून 'शांततेची व्यवस्था' असं म्हटलं.

---

रोखठोक | रविवार, सकाळी १०:५०

दोघांनीही फार रंगवलंय. विकत घेतलं म्हणे! अहो, विकायला कुणी काढलं ते बघा ना. निम्म्याहून जास्त नवी शहरं सरदारांनी स्वतः, शांतपणे, नफ्यासाठी वसवली. ११२० मध्ये त्सेरिंगन घराण्याच्या कोनराडने फ्रायबुर्गला बाजार वसवला. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला १०० फूट लांब, ५० फूट रुंद भूखंड, वर्षाला भाडं एक शिलिंग, सेंट मार्टिनच्या दिवशी द्यायचं. हे काय बंड आहे? ही तर प्लॉट विक्रीची जाहिरात. पडीक जमिनीवर एक शिलिंगही मिळत नव्हता, आता शंभर घरांचे शंभर शिलिंग, वर बाजाराची जकात.

११५५ च्या आसपास सातव्या लुईने लोरिस या छोट्याशा गावाला दिलेली सनदही तशीच. गावात एक वर्ष आणि एक दिवस कुणी दावा न करता राहिलात की मोकळे. मग तोच मसुदा आजूबाजूच्या कितीतरी गावांनी उचलला, कारण शेजारच्या सरदाराची कुळं पळून तिकडे जायला लागली. ज्याची कुळं पळाली त्याला आपल्या गावालाही सवलती देणं भाग पडलं. सरदारा-सरदारांतली चुरस आहे ही. रक्तबिक्त लाँसारख्या जुन्या बिशपच्या गावांत.

---

नदीकाठ | रविवार, दुपारी १:१५

रोखठोकराव, नेमका मुद्दा. जुन्या शहरांत घासाघीस किंवा मारामारी आणि नव्या शहरांत जाहिरात, हा फरक मी लिहायला हवा होताच. पण दोन्हीकडे व्यवहार पैशाचाच आहे, एवढं तर मान्य कराल? शिवाय कोनराडचे भूखंड घेणारे काही पळून आलेले कंगाल नव्हते. पळून आलेल्याला एक वर्ष-एक दिवस काढायचा म्हणजे तेवढे दिवस कुणाच्या तरी घरी गडी म्हणून राहणं आलं.

---

खर्चीवाला | रविवार, दुपारी ३:४०

आमचं घर इचलकरंजीचं, मागावर वाढलोय. इतिहासातलं फारसं कळत नाही, पण एक विचारायचं होतं. सगळे 'शहरवाले' म्हणताय, ते नक्की कोण? कापड विणणारे की विकणारे? आमच्याकडे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग तेवढा आमचा आणि मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबाने. याला खर्ची म्हणतात. भाव पडला की आधी आमची मजुरी कापणार. तिकडे विणकर कुठे बसत होता या सनदेत?

---

नदीकाठ | रविवार, रात्री ९:२०

खर्चीवाले दादा, तुमच्या प्रश्नाने माझी रविवारची संध्याकाळ गेली, पण बरं झालं.

विणकर सनदेत बसत नव्हता. निदान दीडशे वर्षं तरी नाही. लोकर इंग्लंडहून यायची, ती आणणारे मोजके सावकार-व्यापारी. धुणं, पिंजणं, विंचरणं, कातणं हे बहुतेक बायका घरोघरी करायच्या. रुंद मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसून धोटा एकमेकांकडे फेकायचे. मग कापड जायचं मळणाऱ्याकडे: हौदात पाणी, खास माती, कधी मूत्र, आणि त्यात उघड्या पायांनी तासन् तास तुडवायचं, म्हणजे लोकरीचे धागे एकमेकांत रुतून कापड घट्ट होतं. दुसरीकडे हे काम पाणचक्कीवर होऊ लागलं तरी फ्लँडर्सच्या उंची कापडाला पायच हवेत असा आग्रह होता. मग चौकटीवर ताणून वाळवणं, रंगवणं, कातरणं. आणि या प्रत्येक टप्प्यावर माल मालकाचाच.

दुए शहरातला जेहान ब्वानब्रोक हा असाच एक मालक. लोकर तो देणार, कापड तो घेणार, कामगाराचं घरही त्याच्याच मालकीचं, आणि शहराच्या कारभारी मंडळातही तोच बसलेला. म्हणजे मजुरी बुडवली तर तक्रार त्याच्याचकडे! १२८६ च्या सुमाराला तो मेला. मरताना अशा लोकांची रीत होती की कुणाचं देणं राहिलं असेल तर वारसांनी फेडावं, आत्म्याला शांती मिळावी. त्याप्रमाणे तक्रारी मागवल्या आणि चाळीसच्या वर माणसं पुढे आली. रंगाऱ्यांचे पैसे थकवले, बायकांनी कातलेल्याचे दिले नाहीत, माल कमी भावात ओढून नेला. ते चर्मपत्र टिकलं, म्हणून आज आपल्याला मजुराच्या बाजूचं काहीतरी कळतं. मालक जिवंत असताना एकाचीही तोंड उघडायची छाती नव्हती. दुएमध्ये काम बंद पाडणाऱ्यांविरुद्ध १२४५ मध्येच फर्मान निघालं होतं.

विणकर कारभारी मंडळात शिरले ते १३०२ नंतर. ११ जुलैला कोर्त्राइकच्या दलदलीत विणकर, मळणारे, खाटीक वगैरे पायी लोकांनी फ्रान्सच्या घोडेस्वारांचा धुव्वा उडवला आणि मेलेल्या सरदारांच्या बुटांवरचे, घोड्याला टोचायचे सोनेरी काटे गोळा करून चर्चमध्ये टांगले. आजही ११ जुलै हा इथे फ्लँडर्सचा दिवस म्हणून साजरा होतो. त्यानंतर कारागीर संघांना कारभारात जागा मिळाली. आणि लगेच आपसात जुंपली: २ मे १३४५ ला गेंटच्या शुक्रवार बाजाराच्या चौकात मजुरीच्या वाढीवरून विणकर आणि मळणारे एकमेकांवर तुटून पडले, शेकडो मळणारे मेले. मजुरी देणारा विणकर, घेणारा मळणारा. सावकार घरात बसून बघत असेल.

---

खर्चीवाला | रविवार, रात्री ९:५२

हे वाचून झोप येणार नाही. मेल्यावर तक्रारी मागवल्या म्हणे.

---

तुळशीकट्टा | सोमवार, सकाळी ७:३०

कातणाऱ्या बायकांबद्दल एक भर. लग्न न करता, नन न होता, स्वतः कमावून एकत्र राहणाऱ्या बायकांच्या वसाहती याच शहरांत निघाल्या, त्यांना बेगीन म्हणायचे. ब्रुजची १२४५ ची, काऊंटेस मार्गारेटच्या आश्रयाने. भिंतीच्या आत छोटी छोटी घरं, मधे हिरवळ. कायमची शपथ नाही, कधीही सोडून लग्न करता येतं. लोकर विंचरून, कातून, कपडे धुऊन पोट भरायचं. गावाकडून एकटी मुलगी शहरात आली तर तिला राहायला जागा कुठली, याचं हे उत्तर होतं. कारागीर संघवाले अधूनमधून कुरकुरायचे की या कमी मजुरीत काम करतात. कुरकुरणारच.

---

पाणीपुरवठा | सोमवार, दुपारी १२:१०

नगरपालिकेत उभी हयात गेली, त्यामुळे आमचा रस सनदेपेक्षा गटारात. सिनेमात दाखवतात तसे मध्ययुगातले लोक खिडकीतून बादली उलटी करून गप्प बसायचे, हे अर्धवट आहे. शेजारी लगेच तक्रार करायचे! लंडनला १३०१ पासून अशा तक्रारींची दफ्तरं आहेत. १३१४ मधली एक: ॲलिस वेड नावाच्या बाईने वरच्या मजल्यावरच्या शौचकुपातून लाकडी नळ काढून पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडला. ते गटार पुढे शेजाऱ्यांच्या घरांखालून जायचं. तुंबलं, वास सुटला, तक्रार झाली, पाहणी झाली, निकाल लागला: ४० दिवसांत नळ काढा. आमच्याकडे एवढ्या वेळात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

पॅरिसला ११८५ च्या सुमाराला राजा फिलिप ऑगस्टस खिडकीत उभा असताना गाड्यांनी ढवळलेल्या चिखलाचा असा भपकारा आला की त्याने मुख्य रस्ते दगडाने फरसबंद करायचा हुकूम काढला. लंडनचं चीपसाइडचं पाणी टायबर्नच्या झऱ्यांतून शिशाच्या नळांनी आणलं, तेराव्या शतकाच्या मध्यावर. खाटिकांना शहराबाहेर काढायचे हुकूम तर निघतच राहिले. एकच हुकूम पुन्हा पुन्हा निघतो म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

---

रोखठोक | सोमवार, दुपारी २:००

गटारं कितीही बांधा, शहर माणसं खायचंच. जन्मापेक्षा मृत्यू जास्त, खेड्यातून सतत माणूस आला तरच आकडा टिकायचा. १३१५ पासून पावसाने पिकं कुजली, दुष्काळ पडला. ईप्रमध्ये १३१६ च्या मे ते ऑक्टोबरमध्ये शहराच्या खर्चाने २,७९४ मुडदे पुरले. ब्रुज आकाराने मोठं, तरी तिथे दोन हजारांच्या आत, कारण समुद्रमार्गे धान्य आणता आलं. काय उपयोग त्या तुमच्या सनदेचा?

---

नदीकाठ | सोमवार, संध्याकाळी ७:४५

ईप्रसाठी उपयोग नव्हता, खरंय. गेंटला होता. लेई आणि स्केल्ड नद्यांवरून येणारं धान्य इथे थांबलंच पाहिजे आणि त्यातला चौथा हिस्सा इथे उतरवलाच पाहिजे, हा हक्क गेंटने मिळवून ठेवला होता. साठ हजारांच्या आसपास वस्तीचं शहर त्यावर जगलं. धक्क्यावर त्या काळचं दगडी धान्यकोठार अजून उभं आहे. साहजिकच नदीच्या खालच्या गावांना महाग धान्य खावं लागायचं. एका शहराचा हक्क म्हणजे शेजारच्या गावाची अडवणूक, हे या सगळ्या सनदांना लागू आहे.

---

भटकी_मैना | सोमवार, रात्री ८:३०

एक बाजू कुणीच काढली नाही. १०८४ मध्ये श्पायरच्या बिशपने ज्यूंना वस्तीला बोलावलं, सनदेत लिहिलं की यामुळे आमच्या जागेचा मान हजारपट वाढेल. त्यांना राहायला भिंतीआड जागा, व्यापाराची मुभा. त्यांच्या पैशावर, संबंधांवर ऱ्हाइनकाठची शहरं उभी राहिली. १३४९ च्या १४ फेब्रुवारीला स्ट्रासबुर्गमध्ये प्लेग अजून पोचलाही नव्हता तेव्हा शेकडो ज्यूंना जाळलं. त्याआधी त्यांना वाचवू पाहणारं कारभारी मंडळ कारागीर संघांनी उलथवलं होतं. आणि ज्यांच्यावर ज्यूंचं कर्ज होतं त्यांचं ते माफ झालं. कारागिरांचं राज्य आलं म्हणून हुरळून जाण्याआधी हेही वाचावं.

---

पेठेतला_बाळ | सोमवार, रात्री १०:१५

मैनाताई, सुन्न झालो. नदीकाठ, या सनदा ठेवायचे कुठे?

---

नदीकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

गेंटमध्ये घंटामिनाराच्या तळाच्या खोलीत, कुलूपबंद पेटीत, १४०२ पासून. शहरात सगळ्यात भक्कम जागा तीच. मिनाराचं काम १३१३ मध्ये सुरू झालं, वर मोठी घंटा, 'रोलंड'.

१५३७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने युद्धासाठी पैसे मागितले. हा इथेच १५०० मध्ये जन्मलेला. गेंट म्हणालं, आमच्या संमतीशिवाय कर बसत नाही, हवे तर सैनिक देतो. १५४० मध्ये तो फौज घेऊन आला, सनदा रद्द केल्या, रोलंड उतरवली आणि शहरातल्या मानकऱ्यांना अनवाणी, काहींना गळ्यात फास घालून माफी मागायला लावलं. गेंटकरांना अजूनही 'फासवाले' म्हणतात, आणि ते ते नाव मिरवतात.

---

रोखठोक | मंगळवार, सकाळी ९:०५

म्हणजे तोफा आल्या आणि चर्मपत्र संपलं. मी काय म्हणत होतो?

---

तुळशीकट्टा | मंगळवार, सकाळी ९:४०

रोखठोककाका, तरी ११२८ पासून त्या सनदा मोडायला चारशे वर्षं लागली की.

आता इटलीची बाजू मीच घेते, कारण तिकडे उलटं आहे. तिथे सरदार शहराबाहेर बसत नव्हते, शहरातच उंच मनोरे बांधून राहायचे आणि एकमेकांवर दगड टाकायचे. फ्लॉरेन्सने १२९३ मध्ये कायदा करून अशा बड्या घराण्यांना कारभारातून बाहेर काढलं. पद हवं तर कारागीर-व्यापारी संघात नाव पाहिजे. १२९५ मध्ये अट थोडी सैल झाली, नाव नोंदवलेलं असलं तरी पुरे. कवी दांतेने त्याच वर्षी वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात नाव घातलं. त्याने आयुष्यात एक पुडी बांधली नसेल. १३०० च्या उन्हाळ्यात दोन महिने तो शहराच्या सहा प्रायरांपैकी (मुख्य कारभाऱ्यांपैकी) एक झाला, आणि १३०२ मध्ये विरोधकांनी त्याला हद्दपार केलं.